हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये युनियन-निवडणुकीची पत्रकं वाटू देत नाहीत. हे कायद्यात बसतं का?

मेघना, न्यू जर्सी

नमस्कार. मी इथल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये ११ वर्षं रात्रपाळीची नर्स आहे. मूळची मिरजेची. आमच्या लोकलची, म्हणजे युनियनच्या स्थानिक शाखेची, निवडणूक पुढच्या महिन्यात आहे आणि मी पहिल्यांदाच उभी राहिले आहे, उपाध्यक्षपदासाठी. सध्याची मंडळी नऊ वर्षं बिनविरोध निवडून येताहेत. रात्री आमच्या मजल्यावर एकेका नर्सकडे सात-सात पेशंट असतात, आणि युनियन हॉस्पिटलशी करार करताना हाच मुद्दा दर वेळी सगळ्यात आधी सोडून दिला जातो. म्हणून उभी राहिले.

मंगळवारी सकाळी पंच करून बाहेर पडले आणि पार्किंगच्या दुसऱ्या मजल्यावर लिफ्टपाशी पत्रकं घेऊन थांबले. दहा मिनिटांत सिक्युरिटीवाला आला. त्याने माझ्या बॅजचा नंबर लिहून घेतला आणि उरलेली पत्रकं गाडीत ठेवायला लावली. दुपारी मी झोपलेली असताना मॅनेजरचा फोन. करारानुसार युनियनचा मजकूर फक्त टाइमक्लॉकशेजारच्या बोर्डावर लागेल, दुसरीकडे दिसला तर लेखी ताकीद मिळेल म्हणे. त्या बोर्डाला काचेचं दार आहे, दाराला कुलूप आहे आणि किल्ली मी ज्यांच्याविरुद्ध उभी आहे त्यांच्याकडे आहे! आमच्या सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, "करारात आपणच कबूल केलंय, आता काय करणार?"

सातला सुटलेली नर्स घरी जाते, पोरांना शाळेत सोडते आणि झोपते. तिला पार्किंगमध्ये नाही गाठायचं तर कुठे गाठायचं?

दोन गोष्टी लपवत नाही. एक पत्रक मी पहाटे नर्सिंग स्टेशनवर चार्टिंग करत बसलेल्या मैत्रिणीला दिलं होतं. आणि ही २०० पत्रकं नवऱ्याने त्याच्या ऑफिसच्या प्रिंटरवर काढली आहेत. त्याचं ऑफिस विम्याचं आहे, हॉस्पिटलशी काही संबंध नाही.

शुभदा, बोस्टन

मेघना, मी कामगारांच्या केसेस घेणाऱ्या वकिलांकडे पॅरालीगल आहे. वकील नाही, पण ही भानगड रोज बघते.

पार्किंगच्या बाबतीत तुझी बाजू भक्कम आहे. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९४५ मध्येच, रिपब्लिक एव्हिएशनच्या केसमध्ये, म्हटलंय की कामाचा वेळ सोडून कामगारांनी आपसात युनियनबद्दल बोलण्यावर मालकाला सहसा सरसकट बंदी घालता येत नाही, जागा मालकाची असली तरी. पत्रकं वाटायची तर वेळ आपली हवी आणि जागा प्रत्यक्ष कामाची नको. शिफ्ट संपवून पार्किंगमध्ये उभी असलेली तू या दोन्हींत बसतेस.

आता तुमच्या सेक्रेटरींचं "आपणच कबूल केलंय". अगदी हाच वाद १९७४ मध्ये मॅग्नावॉक्स केसमध्ये झाला. तिथेही युनियनने करारात मान्य केलं होतं की आवारात पत्रकं वाटायची नाहीत, बोर्ड वापरायचा. कोर्टाने सांगितलं की हा हक्क सोडून देणं युनियनच्या हातात नाही. कारण सत्तेवरच्या युनियनला बोर्ड पुरतो, तिच्या विरोधात बोलणाऱ्याचं तोंड मात्र अशा कलमाने बंद होतं. ती किल्ली आठव.

हॉस्पिटलला थोडे जास्त नियम आहेत. पेशंटच्या खोल्या, ऑपरेशन थिएटर, जिथे उपचार चालतात तिथे बंदी घालता येते. कॅफेटेरियाबद्दल १९७८ मध्ये आमच्या बोस्टनच्याच बेथ इस्रायल हॉस्पिटलची केस झाली, ती कर्मचाऱ्यांच्या बाजूने लागली. नर्सिंग स्टेशनवर दिलेलं पत्रक मात्र चूकच. ती मैत्रीण कामावर होती. पुन्हा करू नकोस.

त्याहून मोठी चूक प्रिंटरची आहे. १९५९ च्या कायद्याप्रमाणे युनियनच्या निवडणुकीत कोणत्याही मालकाचा पैसा उमेदवाराच्या प्रचाराला लागता कामा नये. 'कोणत्याही' म्हणजे तुझ्या नवऱ्याचासुद्धा मालक आला. कागद आणि शाई त्याचीच ना? उद्या तू जिंकलीस तर याच २०० कागदांवरून तक्रार होईल. आजच बाजूला कर. दुकानातून छापून घे, पावती जपून ठेव.

आणखी एक, हे तुला कुणी सांगणार नाही. तू खर्च भरलास तर तुझं पत्रक सगळ्या सभासदांना पोचवायला लोकल बांधील आहे. लेखी मागणी कर. ताकीद आलीच तर सरकारच्या लेबर बोर्डाकडे सहा महिन्यांच्या आत तक्रार करावी लागते, तारखा वहीत लिहून ठेव.

वसंतकाका, शिकागो

मी टीमस्टर्स या ट्रकवाल्यांच्या युनियनमध्ये राहून २६ वर्षं ट्रक चालवला. सरकारने आमच्या युनियनवर गुंडांच्या टोळ्यांच्या वर्चस्वाबद्दल खटला भरला, १९८९ मध्ये तडजोड झाली आणि १९९१ मध्ये साध्या सभासदाला पहिल्यांदा थेट मतदान मिळालं. रॉन कॅरी अध्यक्ष म्हणून निवडून आले. त्या निवडणुकांच्या नियमांत पुढे असंही लिहिलं गेलं की सभासद जिथे गाड्या लावतात त्या पार्किंगमध्ये प्रचार करता येईल, कंपनी दुसरी असली तरी. पहाटे चारला कडाक्याच्या थंडीत मी पत्रकं वाटली आहेत. हातमोजे घातले की कागद सुटा होत नाही, काढले की बोटं बधिर. पोरी, पार्किंग सोडू नकोस. माणूस तिथेच मोकळा बोलतो.

अनिल, ठाणे

आमच्याकडे १९७१ च्या कायद्याने मान्यताप्राप्त युनियनला कंपनीच्या आत बोर्ड मिळायचा, पगाराच्या जागी वर्गणी गोळा करता यायची. आमची युनियन मान्यता नसलेली. त्यामुळे सगळी भाषणं गेटबाहेर, रस्त्याच्या कडेला. पावसात छत्री धरून गेटसभा घेतल्या आहेत. शुभदाताईंनी सांगितलेली मॅग्नावॉक्सची केस वाचून फार बरं वाटलं.

मेघना, न्यू जर्सी

सगळ्यांचे मनापासून आभार. जुनी पत्रकं बाजूला केली. ३०० नवी दुकानातून काढली, पावती पाकिटात ठेवली आहे. शुभदाताई, तुम्ही सांगितलेल्या तिन्ही केसेसची नावं घालून मॅनेजरना पत्र दिलं. चार दिवस उत्तर नाही.

आज सकाळी पुन्हा त्याच लिफ्टपाशी उभी राहिले. तोच सिक्युरिटीवाला आला. मी पत्राची प्रत पुढे केली. त्याने ती वाचली, रेडिओवर कुणाशी तरी बोलला आणि खाली निघून गेला. त्यानंतर आयसीयूतली एक फिलिपिनो नर्स, जिच्याशी मी ११ वर्षांत कधी बोललेही नव्हते, परत फिरून आली आणि तिच्या मजल्यावरच्या मैत्रिणींसाठी आणखी पाच पत्रकं घेऊन गेली. "ब्रेकरूममध्येच देईन," म्हणाली.

काका, हातमोजे घातले नव्हते.