उत्सर्जन घटक, गुणक की गुणांक?

धुरकट:
इंधन जाळल्यावर किती हरितगृह वायू सुटतो, त्याच्या देशोदेशीच्या आकड्यांवरचा एक अहवाल मराठीत आणतोय. 'एमिशन फॅक्टर'ला बेधडक 'उत्सर्जन घटक' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी तक्त्याच्या कडेला लाल शाईत विचारलंय, "डिझेलचे घटक ७४,१००? यादी जोडा." तो आकडा किलोंचा आहे हो! एक टेराज्यूल उष्णता मिळेल इतकं डिझेल जाळलं की एवढा कार्बन डायऑक्साइड निघतो. पण घटक म्हटल्यावर कुणीही यादीच मागणार. काय लिहू?

पाढेपाठ:
गुणक. गुण्य, गुणक, गुणाकार हे घोकलेलं विसरलात का? जाळलेलं इंधन गुण्य, तुमचा ७४,१०० गुणक. विषय संपला.

तिरपागडा:
शाळेत फॅक्टर म्हणजे अवयव. 'उत्सर्जक अवयव' लिहा, बाई राजीनामा देतील.

काना_मात्रा:
'गुणांक' जास्त रुळलेला आहे.

पाढेपाठ:
गुणांक म्हणजे नुसती संख्या, तिला एकक नसतं. इथे दर टेराज्यूलला किलो असं एकक आहे.

काना_मात्रा:
स्थितिस्थापकता गुणांकाला एकक असतं. आणि निकालपत्रातले गुणांक डोळ्यांपुढे आणू नका, मला तेही चालतात.

रोखठोक:
एमिशन फॅक्टर लिहा आणि मोकळे व्हा. 'उत्सर्जन' वाचलं की मला विज्ञानाच्या पुस्तकातली उत्सर्जन संस्था आठवते, मूत्रपिंडांच्या आकृतीसकट.

मुळावर_घाव:
मला तर 'उत्सर्जन'च खटकतं. उत्सर्जन म्हणजे आतलं बाहेर टाकणं. एक लिटर डिझेलचं वजन साधारण ०.८४ किलो, आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो जवळजवळ २.७ किलो. आत नव्हतंच ते बाहेर कसं टाकणार? कार्बनचे १२ भाग डिझेलचे, ऑक्सिजनचे ३२ भाग हवेतले, मिळून ४४. हे उत्सर्जन नव्हे, ही निर्मिती.

काना_मात्रा:
मग अडलं कुठे? 'सृज्' धातूत दोन्ही अर्थ आहेत. विसर्जनातही तोच आणि सृष्टीतही तोच. सोडणं आणि घडवणं एकाच शब्दात आलं, याहून नेमका शब्द कुठून आणणार?

मुळावर_घाव:
हे मात्र लक्षात आलं नव्हतं. तरी 'उत्'चं काय?

धुरकट:
मंडळी, 'गुणक' घेतो. दुसरी अडचण. देशाने आपल्या इंधनाचं पृथक्करण करून स्वतःचा आकडा काढला असेल तर तो 'राष्ट्रीय गुणक'. नसेल तर आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या, २००६ च्या मार्गदर्शक सूचनांमधला 'डिफॉल्ट' वापरतात. याला 'प्रमाणित' म्हणू?

पाढेपाठ:
मुळीच नको. लिग्नाइटचा, म्हणजे तपकिरी कोळशाचा, डिफॉल्ट १,०१,०००, पण शेजारी पल्ला दिलाय ९०,९०० ते १,१५,००० असा. खाणीगणिक कोळसा बदलतो. एवढी ओढाताण असलेल्या आकड्याला प्रमाणित म्हटलं तर स्वतःचा आकडा काढायचे कष्ट कोण घेईल? नैसर्गिक वायूचं ठीक आहे, ५६,१०० च्या दोन्ही बाजूंना दोनेक हजारांचाच फरक.

तिरपागडा:
'आयता गुणक'.

रोखठोक:
गंमत नाही, हा खरंच चांगला आहे! स्वतः मोजलेला नाही, पुस्तकातून उचलला, म्हणून आयता.

काना_मात्रा:
आयत्या बिळावर नागोबा. सरकारी कागदावर टोमणा वाटेल. 'गृहीत' बरा.

पाढेपाठ:
गृहीत म्हणजे अंदाजाने धरलेला. तो आकडा मोजमापांवरूनच काढलेला आहे, फक्त ती मोजमापं दुसऱ्यांच्या इंधनाची.

रोखठोक:
म्हणजे आयताच की.

मुळावर_घाव:
कोळशावरून आठवलं. 'कोळसा' हा इंग्रजी 'कोल'वरूनच आला असणार.

तिरपागडा:
आणि "कोळसा उगाळावा तितका काळाच" ही म्हण कुठल्या साहेबाने शिकवली?

काना_मात्रा:
त्यापेक्षा 'इंधन' बघा. इन्ध् म्हणजे पेटवणं. 'समिधा' त्याच कुळातली. आपण मात्र जळण म्हणायला लाजतो. तक्त्यात 'द्रव जळण' का नको?

रोखठोक:
कारण ते वाचून कुणी काटक्या भिजत घालेल.

धुरकट:
उद्या दुपारपर्यंत अहवाल द्यायचा आहे. 'आयता' की 'गृहीत', एवढंच सांगा.

मुळावर_घाव:
ते होईल. आधी सांगा, 'ज्यूल'मधला 'ज्यू' तुम्ही दीर्घ का काढलात?