ऑइल शेलचा खांब: कुठल्या वेगाची ताकद धरायची?

खडकवेडा: कोलोरॅडोत रायफल गावाजवळ ॲन्व्हिल पॉइंट्सच्या खाणीत छत पेलायला ऑइल शेलचेच (तापवल्यावर तेल देणाऱ्या थरांच्या खडकाचेच) सुमारे १८ मीटर रुंदीचे चौकोनी खांब सोडले होते. अशा खांबांसाठी प्रेसमध्ये काही मिनिटांत फोडलेल्या नमुन्याच्या ताकदीचा आकडा तसाच वापरायला माझा विरोध आहे. या खडकातलं केरोजेन, म्हणजे तेल देणारा सेंद्रिय पदार्थ, डांबराच्या जातीचं: हातोडा मारला तर टणक, हळूहळू रेटलं तर सरकतं. आणि खांबावरचा भार वर्षानुवर्षांचा.

सुरुंगवाला: वेगाचं महत्त्व मीही मानतो. ग्रेडी आणि किप या संशोधकांनी १९८० मध्ये मांडलंच आहे की स्फोटासारख्या वेगात ऑइल शेलची ताणाखालची ताकद विकृतीच्या (आकार बदलण्याच्या) वेगाच्या घनमुळाप्रमाणे वाढते. हजारपट वेग, दहापट ताकद. पण तो नियम सुरुंगाचा, खांबाला लावू नका. खांबात आधी घटक बघा. ग्रीन रिव्हर या ऑइल शेलच्या खडकस्तरातल्या कमी तेलाच्या थरात डोलोमाइट-कॅल्साइट या खनिजांचे कण एकमेकांना टेकलेले असतात, भार तेच पेलतात. तिथे वेगाचा प्रभाव बराच कमी.

खडकवेडा: खणतो आपण तेलकट थर. केरोजेनची घनता १.१ च्या आसपास, खनिजांची २.७, म्हणजे वजनाने १५ टक्के केरोजेन आकारमानाने ३० टक्के भरतं. असाच एक तपकिरी नमुना मी निम्म्या ताकदीच्या भाराखाली रात्रभर ठेवला. सकाळीही डायलचा काटा सरकतच होता.

ओव्हरमन: पण खांब म्हणजे तो एक नमुना नव्हे ना! मध्येमध्ये काटक थर असतात.

खडकवेडा: थर एकावर एक रचलेले, भार वरून. प्रत्येक थरावर तोच भार येतो. काटक थर मऊ थराचा वाटा उचलत नाही.

सुरुंगवाला: वाटा उचलत नाही, पण मऊ थराला बाजूला पसरू देत नाही. हे धरलं नाही तर खांब उगाच जाड होतील आणि चांगलं तेल कायमचं आत राहील.

खडकवेडा: अडवताना काटक थर स्वतः ताणला जातो, आणि दगड ताणाखाली सगळ्यात कच्चा. मग त्यातच उभ्या भेगा पडतात. मऊ थर सरकतोय तोवर हा ताण वाढत राहणार.

ओव्हरमन: नमुना थरांना काटकोनात कापला होता का?

खडकवेडा: हो, खांबात असतो तसाच. आता दोन काटक थरांमध्ये एक तेलकट, असा कोअर (खडकातून कापलेला दंडगोल) काढलाय. सुरुंगवाला, भार किती दिवस ठेवायचा ते तुम्ही सांगा, तेवढे दिवस ठेवतो.