होमस्कूल ग्रुपसोबत केंटकीच्या आर्क एन्काउंटरला जावं का? मुलीला काय सांगून न्यायचं?

ओहायोवाली

नमस्कार मंडळी. आम्ही कोलंबसजवळ राहतो, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ५ चा, दोघंही घरीच शिकतात. आमचा होमस्कूलचा को-ऑप आहे, आठवड्यातून एकदा सगळे भेटतो, आम्ही सोडून बाकी सगळी ख्रिश्चन कुटुंबं. आणि खरं सांगते, सुरुवातीला इथल्या शाळाखात्याच्या सुपरिंटेंडंटला काय कळवायचं इथपासून मला काहीच माहीत नव्हतं तेव्हा याच बायकांनी हाताला धरून सगळं शिकवलं. आमच्याकडे गणपतीला पण आले होते, मुलं आरतीला टाळ्या वाजवत उभी होती, कोणी नाक मुरडलं नाही.

आता त्यांची दिवसभराची सहल ठरलीये विल्यम्सटाउनच्या आर्क एन्काउंटरला, म्हणजे बायबलच्या गोष्टीत प्रलयातून प्राण्यांना वाचवणारा नोहा, त्याचं ते प्रचंड मोठं लाकडी जहाज बांधलंय ना, तिथे. अडचण अशी की ते चालवणारी आन्सर्स इन जेनेसिस ही संस्था सांगते की पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे आणि डायनोसॉरसुद्धा त्या जहाजात होते. आमची लेक डायनोसॉरवेडी, ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नष्ट झाले हा आकडा तिला तोंडपाठ, ती गप्प बसणार नाही. मला दोन्ही बाजूंची भीती वाटते, एक म्हणजे ती तिथेच मैत्रिणींशी वाद घालेल आणि त्यांना लागेल, दुसरं म्हणजे आईने आणलंय म्हणजे हे पण खरंच असेल असं तिला वाटेल. नवरा म्हणतो त्या दिवशी काहीतरी कारण काढ. मला खोटं कारण काढायचं नाहीये.

कोणी गेलंय का? पाच वर्षांच्याला झेपेल का, आणि त्याच संस्थेचं क्रिएशन म्युझियम पण त्याच दिवशी होतं का?

लेक्सिंग्टनकर

आम्ही दोनदा गेलोय, एकदा भारतातून आईबाबा आले होते तेव्हा. आधी प्रॅक्टिकल सांगतो. पार्किंगचे पैसे वेगळे, गाडी लावली की त्यांची बस तुम्हाला जहाजापर्यंत सोडते. आत तीन मजले, एकेका मजल्यावरून रॅम्पने वर चढत जायचं, लिफ्ट आहे, त्यामुळे पाच वर्षांच्याला जमेल, फक्त मध्ये मध्ये बसवा. आतले प्राणी सगळे मॉडेल आहेत हे मुलाला आधीच सांगा नाहीतर तो जिवंत हत्ती शोधत बसेल, खरे प्राणी बाहेरच्या छोट्या झूमध्ये आहेत. जेवायला मोठा बुफे आहे, आपलं ताट आपण निवडायचं. खालचा मजला अंधारा आहे, वादळाचे आणि प्राण्यांचे आवाज लावलेत, आणि प्रलयाच्या आधीचं जग दाखवलंय तिथे मारामारी, क्रूरपणाची चित्रं आहेत. लहान मुलगा असेल तर तो भाग भरभर ओलांडा.

क्रिएशन म्युझियम त्याच दिवशी नको. ते पीटर्सबर्गला आहे, गाडीने पाऊण तास, आणि तिथे वाचायला खूप आहे. ते २००७ चं, जहाज २०१६ ला उघडलं.

आता तुमचा खरा प्रश्न. माझं मत, न्या. लाकडाचं काम नुसतं बघायला म्हणून सुद्धा न्या, त्यात आमिश कारागिरांचे हात लागलेत आणि ते खांब जवळून बघितले की माणूस गप्प होतो. माझे बाबा आयुष्यभर बांधकामात होते, ते अर्धा तास एका जोडापाशीच उभे होते. आणि मुलीला वाद घालायला नको, मोजायला लावा. बायबलमध्ये जहाज ३०० हात लांब, ५० रुंद, ३० उंच. तिथलं जहाज ५१० फूट लांब, ८५ रुंद, ५१ उंच. तिला म्हणा यांनी एक हात किती फुटांचा धरला ते काढ. तिन्ही भागाकार एकच उत्तर देतात, ती खूश होईल. तसंच त्यांचं म्हणणं की प्राण्यांचे साधारण १४०० मूळ प्रकार होते, एकूण प्राणी सात हजारांच्या आत. मग आजच्या लाखो जाती एवढ्या थोड्या वेळात कशा झाल्या असतील, हा प्रश्न तिने वहीत लिहून घरी आणावा.

नगरची_मुलगी

ताई, मी ख्रिस्ती आहे, अहिल्यानगरची, म्हणून जरा लांब लिहिते, राग मानू नका. नोहाची गोष्ट मी आजीच्या मांडीवर ऐकली, आमच्याकडे पंडिता रमाबाईंनी भाषांतर केलेलं बायबल होतं, आणि मराठीत त्या जहाजाला तारू म्हणतात, तारणारं ते तारू, हा शब्द मुलांना नक्की सांगा. आणि हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, आजी आम्हाला अंगणात आमच्याच हातांनी मोजायला लावायची, पन्नासच्या पुढे आम्ही कधी गेलो नाही. आपल्याकडे वाती, दोऱ्या, साड्या हातांवर मोजायचेच की, त्यामुळे तुमच्या मुलीला हे माप परकं वाटायचं नाही.

एक गोष्ट मात्र तिला साफ सांगा. पृथ्वी सहा हजार वर्षांची असं सगळे ख्रिस्ती मानत नाहीत. आम्ही कितीतरी जण ही गोष्ट देवाचा न्याय आणि देवाची दया म्हणून वाचतो, भूगोलाचं पुस्तक म्हणून नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये उत्क्रांतीचा सिद्धांत हा निव्वळ तर्काच्या पलीकडे गेलाय असं म्हटलं होतं. म्हणजे "ते विरुद्ध आपण" असं चित्र तिच्या डोक्यात बसायला नको. तिची मैत्रीण मानत असेल तर तिच्यासाठी ते मनापासूनचं आहे, तिथे हसायचं नाही, एवढंच मी तुमच्या जागी असते तर सांगितलं असतं.

आणि जायच्या आदल्या रात्री मनूची गोष्ट सांगा ना! शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात आहे, ओंजळीतला छोटा मासा, मी तुला वाचवेन म्हणतो, मग पूर, मग उत्तरेच्या डोंगराला बांधलेली नाव. मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकच्या भागातल्या) मातीच्या पाट्यांवर पण अशीच गोष्ट आहे, जॉर्ज स्मिथने १८७२ मध्ये ती वाचून दाखवली तेव्हा लंडनमध्ये केवढी खळबळ झाली होती. नदीकाठच्या माणसांना पुराची भीती सगळीकडे सारखीच. अजून एक गंमत, सगळ्यांना वाटतं प्रत्येक प्राण्याची एकच जोडी होती, पण बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात शुद्ध प्राण्यांसाठी सात हा आकडा आहे. मुलीला हे माहीत असेल तर मैत्रिणींनाच ती काहीतरी नवीन सांगेल.

दगडगोटे

वरचं सगळं बरोबर, मी फक्त दगडांचं बोलतो. ज्या भागात जाताय तिथला खडकच उत्तम पुस्तक आहे. सिनसिनाटीच्या आजूबाजूचा चुनखडक आणि शेल (चिखल दबून झालेला पापुद्र्यांचा खडक) साधारण ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राचा तळ आहे, रस्त्याच्या कडेला कापलेल्या डोंगरात पण शिंपल्यांसारखे ब्रॅकिओपॉड दिसतात. शेरॉनव्हिलला ट्रॅमल फॉसिल पार्क आहे, तिथे मुलांना जीवाश्म वेचून घरी नेता येतात, कोलंबसहून येताना वाटेतच पडेल. आणि विल्यम्सटाउनहून फार लांब नाही असं बिग बोन लिक, तिथून १८०७ मध्ये शोधप्रवासी विल्यम क्लार्कने राष्ट्राध्यक्ष जेफरसनसाठी मॅस्टोडॉन-मॅमथ या हत्तीच्या नामशेष भाऊबंदांची हाडं खणून पाठवली होती, आज तिथे बायसनचा (अमेरिकेतल्या रानगव्यांचा) कळप बघायला मिळतो. वय तोंडी सांगून पटत नाही हो, एकदा थरावर थर बघितले आणि प्रत्येक थरात वेगळे जीव दिसले की मूल स्वतःच विचारतं हे साचायला किती वेळ लागला असेल.

ओहायोवाली

जाऊन आलो! सगळ्यांचे खूप आभार, विशेषतः नगरच्या ताईंचे. आदल्या रात्री मनूची गोष्ट सांगितली, आणि गाडीत बसल्यावर सरळ सांगितलं की हे लोक असं मानतात, आई-बाबा असं मानत नाहीत, कारण आपण खडक आणि हाडं काय सांगतात ते बघतो, आणि मैत्रिणीला प्रश्न विचारायचा असेल तर खुशाल विचार पण आधी तिचं ऐकून घे. बास एवढंच.

भागाकार तिने बसमध्येच केला, १.७ फूट. मग स्वतःचा हात मोजला तर तो सव्वा फूट पण भरेना, म्हणून तिने ठरवलं की तिच्या हाताने बांधलं असतं तर जहाज बरंच आखूड झालं असतं, आणि हे तिने तिच्या मैत्रिणीच्या आईला सांगितलं तर त्या बाईंनी तिथेच सगळ्या मुलांना रांगेत उभं करून हात मोजायला लावले. डायनोसॉरच्या पिंजऱ्यापाशी लेक थांबली, मैत्रिणीला म्हणाली मला वाटतं हे खूप आधी होऊन गेले, ती म्हणाली आम्हाला वाटतं एकत्रच होते, आणि दोघी उंट बघायला पळाल्या. मी उगाच आठवडाभर झोपले नाही.

धाकट्याला खालच्या मजल्यावर कडेवर घेतलं, बाकी मजेत होता.

आता मैत्रिणीच्या आईला मी फॉसिल पार्कचं विचारलं, शनिवारी त्यांची तिन्ही मुलं आमच्यासोबत येतायत. दगडगोटे, वेचलेले तुकडे घरी धुवायला पाणी आणि जुना टूथब्रश पुरतो का, की शेल पाण्यात विरघळून जातो?