चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्याचा परवाना जावा का?

कोथरूडकर
काल मेडिकलमध्ये माझ्या पुढचा माणूस म्हणाला, "घसा धरलाय, अ‍ॅझिथ्रोच्या तीन द्या." मिळाल्या. चिठ्ठी नाही, विचारपूस नाही. गोळ्यांच्या पट्टीवरची उभी लाल रेघ ना देणाऱ्याने पाहिली ना घेणाऱ्याने. डॉक्टरला विचारल्याशिवाय हे औषध घेऊ नका, एवढंच ती रेघ सांगते आणि २०१६ पासून सरकार तिची जाहिरात करतंय.

घसा धरतो तो बहुतेकदा विषाणूंमुळे, अँटिबायोटिक मारतं जिवाणूंना. म्हणजे घशाला फायदा नाहीच, वर पोटातले निरुपद्रवी जिवाणू मरतात आणि औषधाला न जुमानणारे मोकळ्या जागेत फोफावतात. तेवढ्यावर थांबत नाहीत, प्रतिकाराची जनुकं वेगळ्या जातीच्या जिवाणूंनाही देऊन टाकतात. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे १२.७ लाख माणसं थेट अशा संसर्गांनी गेली. केरळने 'ऑपरेशन अमृत' काढून दुकानांवर धाडी घातल्या. आपल्याकडे का नको? दोनदा सापडला की परवाना निलंबित.

रानवाट
कोथरूडात पाच मिनिटांवर डॉक्टर आहे म्हणून हे सुचतं. आमच्या पाड्यावरून आरोग्य केंद्र गाठायचं तर जीप भरायची वाट बघा, दिवसाची मजुरी सोडा आणि पोचल्यावर कळतं, साहेब मीटिंगला गेलेत.

गडचिरोलीचं उदाहरण घ्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या आरोग्यसेवकांना, दायांनासुद्धा, बाळाचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. मिनिटाचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि छाती वर-खाली होईल तसे मणी सरकवायचे. श्वास ठरलेल्या आकड्यापुढे गेले की को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक द्यायचं. १९९० साली हा प्रयोग लॅन्सेटमध्येच छापून आला. न्यूमोनियाने होणाऱ्या बालमृत्यूंचं प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या निम्म्याहूनही खाली आलं होतं. त्या दायांकडे कुठे एमबीबीएसची पदवी होती? 'चिठ्ठी नाही तर औषध नाही' हा नियम तिथे काटेकोर लावला असता, तर ती पोरं हाती लागली नसती.

कोथरूडकर
@रानवाट, हे उदाहरण तर माझ्या बाजूचं निघालं! दाईने आधी श्वास मोजले, मग औषध दिलं. कालच्या दुकानदाराने काय मोजलं? पैसे.

औषधवाला
मोजतोच. दुकान आहे, अन्नछत्र नाही. पण मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन, म्हणजे नोंद ठेवूनच विकायच्या औषधांची सरकारी यादी, लागू आहे, हे इथे किती जणांना माहीत आहे? त्यातलं सेफिक्झिम हे अँटिबायोटिक विकलं की डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, नग, सगळं वेगळ्या रजिस्टरला चढवायचं आणि ते तीन वर्षं सांभाळायचं. मी सांभाळतो. आणि चिठ्ठ्या कसल्या येतात? शेंबडाला सेफिक्झिम, जोडीला दोन टॉनिकं, खाली न लागणारी सही. चिठ्ठी आहे म्हटल्यावर द्यावंच लागतं. मग चूक दोघांची आणि परवाना माझ्या एकट्याचा? शिवाय दहा गोळ्या लिहिलेला माणूस "सध्या चारच कापा" म्हणतो, कारण खिशात तेवढेच असतात. त्याला काय सांगू, तेही लिहा कुणीतरी.

स्टेथो
जनरल प्रॅक्टिस करतो, त्यामुळे टोमणा लागला. पण तो खोटा नाही. कोणता जिवाणू आहे ते सांगणाऱ्या कल्चर तपासणीचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला नाही की पेशंट डॉक्टर बदलतो. त्या धास्तीने अँटिबायोटिक लिहिलं जातं. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने डॉक्टरांना कळवलं, की अँटिबायोटिक कशासाठी देताय ते चिठ्ठीवर लिहा. हे सक्तीचं करा. 'साधी सर्दी' असं लिहून त्याखाली सेफिक्झिम लिहायला हात धजणार नाही.

जाता जाता: 'कोर्स पूर्ण केला नाही तर जिवाणू माजतात' हे सरसकट खरं नाही. नेहमीच्या बऱ्याच संसर्गांत लांबलेला कोर्सच प्रतिकाराला जास्त खतपाणी घालतो, असं बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातल्या २०१७ च्या लेखात मांडलं होतं. मनानेच थांबू नका, डॉक्टरला विचारा. टीबीत मात्र अर्धवट सोडणं घातकच.

गावरान_अंडं
आणि कोंबड्यांच्या खाद्यातून अँटिबायोटिक जातं त्याचं काय? त्यातल्या कोलिस्टिनवर २०१९ मध्ये बंदी आली, बाकीच्यांचं?

कोथरूडकर
@गावरान_अंडं, मुद्दा रास्त, पण वेगळा धागा काढा, नाहीतर इथे फाटे फुटतील.

@औषधवाला, ठीक, डॉक्टरलाही धरा. माझी मागणी मागे घेत नाही, थोडी नेमकी करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक 'अ‍ॅक्सेस' गटात आहे, म्हणजे सहज मिळावं असं. अ‍ॅझिथ्रो आणि सेफिक्झिम 'वॉच' गटात, म्हणजे जपून वापरायची. वॉचवाल्यांना चिठ्ठीची सक्ती करा आणि अमॉक्सिसिलिन शिकवून तयार केलेल्या आशाताईंच्या हाती द्या.

रानवाट
चालेल, पण क्रम उलटा लावा. आधी आशाताईंच्या पिशवीत बारा महिने औषध राहू दे, मग दुकानाला कुलूप घाला. पावसाळ्यात ओढा भरला की रस्ता बंद, केंद्रातला साठा संपलेला. तेव्हा पोराला धाप लागली तर मी त्याच दुकानात जाणार आणि मिळेल ते मागणार.

कोथरूडकर
मग निदान पुण्या-मुंबईत तरी आजपासून लावा. इथे कुठले ओढे आडवे येतात?

रानवाट
त्याला माझा विरोध कधीच नव्हता.

औषधवाला
लावा की. फक्त घरपोच औषधं देणाऱ्या अ‍ॅपनाही लावा. माझ्या गिऱ्हाइकाने परवा फोनवरच दाखवलं: गोळी आधी निवडली, मग डॉक्टरचा दोन मिनिटांचा कॉल आला आणि चिठ्ठी तयार.