प्रति: एएसएन वेळेत जातो, तरी पॅलेट स्कॅन होत नाहीत

गोव्यातल्या वेर्ण्याहून भिवंडीच्या गोदामात माल पोचतो, एएसएनही (कोणती पॅलेट येतायत ते खरेदीदाराला आधी कळवणारी फाइल) आधी गेलेला असतो, तरी गेटवर ‘पॅलेट सापडत नाही’ येतं, असं वर लिहिलंय. पहिला संशय एक्सेलवर घ्या. एसएससीसी, म्हणजे प्रत्येक पॅलेटच्या लेबलवरचा ओळख क्रमांक, 18 अंकी असतो आणि एक्सेल 15 अंकांपुढचं सगळं शून्य करून टाकतं. लेबल बरोबर, फाइलमध्ये मात्र शेवटी 000. सीएसव्ही (साधी टेक्स्ट फाइल) डबल-क्लिकने एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की संपलंच. नंतर कॉलम टेक्स्ट करून गेलेले अंक परत येत नाहीत. कॉलम आधीच टेक्स्ट ठेवून इम्पोर्ट करा. खरं तर मधे एक्सेल हवंच कशाला? लेबल छापणाऱ्या सिस्टीममधूनच थेट फाइल काढा.

दुसरं, एएसएन पिकलिस्टवरून (गोदामातून काय काढायचं त्या यादीवरून) पाठवू नका. गाडी भरून सील लागल्यावरच पाठवा. जागा नाही म्हणून एक पॅलेट खाली राहिलं की पुढचा सगळा हिशोब चुकतो.

वाटेत ट्रान्सपोर्टरने गाडी बदलली तर ई-वे बिलाचा (जीएसटीखाली मालासोबत लागणारा ऑनलाइन परवाना) पार्ट बी, म्हणजे गाडीचा तपशील, बदलायला लावा आणि गाडीचा नवा नंबर खरेदीदारालाही कळवा. ई-वे बिलाची मुदत 200 किलोमीटरला एक दिवस, म्हणजे भिवंडीला साधारण तीन दिवस मिळतात. घाटात अडकलात तर मुदतवाढ ही मुदत संपण्याआधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांतच मिळते.