डिसेंबरात तीर्थनला ट्राउट?
थंडीत गर्दी नसते म्हणून डिसेंबरातच हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ट्राउट (थंड पाण्यातला मासा) पकडायला जा, असं वर लिहिलंय ते पटलं नाही. हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउट पकडायला बंदी असते, आपल्याकडे गोव्यात जून-जुलैत ट्रॉलर बंद असतात ना, तसंच. याच दिवसांत मादी तळातल्या बारीक गोट्यांत खळगा करून अंडी घालते, पाण्यात उतरलात तर ती अंडी तुमच्या बुटाखाली चिरडणार.

मी म्हापशाहून मार्चमध्ये गेलेलो, पाणी बर्फासारखं, सकाळभर वर तरंगणाऱ्या फ्लायकडे (गळावर बांधलेला नकली किडा) एक मासा फिरकला नाही, मग दुपारी ऊन आल्यावर जड निंफ (पाण्याखालच्या अळीसारखी फ्लाय) तळाला घासत सोडली तेव्हा लाइन जराशी अडखळली, तोच मासा! गार पाण्यात तो जागा सोडत नाही, फ्लाय त्याच्या तोंडाशी न्यावी लागते. तोवर इथे चोणकावर (खाडीतला मोठा मासा) सराव करा.