नवा फ्लॅट की राहतं जुनं घर? मराठवाड्यात माझा कौल जुन्याला

गोदाकाठ
भाचा शेंद्र्याच्या एमआयडीसीत कामाला लागला, लग्न झालं, आता संभाजीनगरात घर घ्यायचंय. बजेट चाळिसेक लाख. समोर दोन पर्याय आहेत. एक, बीड बायपासच्या बाजूला बांधकाम चालू असलेल्या इमारतीत टू बीएचके. दुसरा, हर्सूलकडं पंधरा-सोळा वर्षांचं रो-हाऊस; मालक वारले, मुलगा पुण्याला असतो म्हणून विकतोय. घरातले सगळे फ्लॅटकडं झुकलेत. मी रो-हाऊसच म्हणतोय.

पहिलं कारण पाणी. शहराचं पाणी पन्नासेक किलोमीटरवरच्या जायकवाडीतून येतं आणि नळाला काही दिवसांच्या अंतरानं सुटतं, हे इथल्या लेकरालाही माहीत आहे. जुन्या गल्लीत शेजारच्या मावशींना विचारलं की कळतं, नळ कितव्या दिवशी येतो, मे महिन्यात बोअर आटतो का, टँकर मागवावा लागतो का. नव्या इमारतीत हे सांगणार कोण? तिथं अजून कुणी एकही उन्हाळा काढलेला नाही.

दुसरं, आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघतेच. पंधरा पावसाळे काढलेल्या घरात काय खोट आहे ते भिंतीवर दिसतं. नव्यात पुट्टी आणि रंगाखाली काय आहे, कुणास ठाऊक.

पैशाचंही बघा. चालू बांधकामावर जीएसटी लागतो: ४५ लाखांच्या आत आणि ९० चौरस मीटर कार्पेटच्या (म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेच्या) आत असेल तर १ टक्का, नाहीतर ५. जुन्या घराला तो नाही. वर ताबा मिळेपर्यंत घरभाडं आणि बँकेचा हप्ता दोन्ही भरायचे. नोकरीला नुकत्याच लागलेल्या पोरानं हे कुठून भागवायचं?

किल्लारीची लेक
दादा, पाण्याचं पटलं. पण ‘इतकी वर्षं उभं आहे म्हणजे मजबूत आहे’ हे मी कधीच मान्य करणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात आमच्याकडची जी घरं पडली, ती पिढ्यान्‌पिढ्या उभी होती. दगड-मातीच्या जाडजूड भिंती, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार म्हणून सगळे कौतुक करायचे. काही सेकंदांत तेच माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. सुमारे दहा हजार माणसं गेली.

तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात आमचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या झोनमध्ये होता. २००२ च्या नकाशात तो तिसऱ्यात आला. म्हणजे त्याआधी बांधणाऱ्यांनी भूकंप धरून बांधलंच असेल याची खात्री कोण देणार? जुनं घर बघताना रंग आणि भेगा बघू नका. कॉलम आहेत का, बीम कॉलमला नीट बांधलेत का, की नुसत्या विटांवर स्लॅब टेकवलाय, ते बघा. आणि हे साध्या डोळ्यांना दिसत नाही.

गोदाकाठ
ताई, माळवदाची बाजू मी घेतच नाही. हे आरसीसीचं घर आहे, कॉलम-बीमचं. तरी इंजिनिअरला दाखवतो, तुमचं म्हणणं रास्त आहे.

साइटवरचा माणूस
माझा कौल नव्याला. मे २०१७ पासून महारेरा आहे, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, विक्री कार्पेटवर होते, आणि ताब्यानंतर ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरनं फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. जुन्या घराची चावी हातात पडल्यावर गळती लागली तर कुणाला धरणार? पुण्याला गेलेल्या मालकाला?

परभणीकर
साहेब, हे मोठ्या शहराचं झालं. आमच्याकडं सहा-आठ फ्लॅटच्याच बिल्डिंगी होतात. जागा ५०० चौरस मीटरच्या आत असली किंवा फ्लॅट आठाच्या वर नसले तर महारेराची नोंदणीच लागत नाही. मग ते ७० टक्के कामून सांगू लागले? बगा, महारेराचा नंबर असला तरच या गोष्टी बोला. नसला तर नवं काय, जुनं काय, सारखंच.

आणि वरच्या मजल्याचा फ्लॅट घेणार असाल तर मे महिन्यात दुपारी तीनला तिथं जाऊन उभं राहा. परभणीत आम्ही तो स्लॅब सोसलाय.

खरेदीखत लिहिणारा
सगळे भिंतींवर बोलताय, कागदाचं कुणीच काढलं नाही. गोदाकाठ साहेब, मालक वारले म्हणालात. त्यांना मुली आहेत का? घर स्वकष्टाचं असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बायको, मुलगा, मुली सगळ्यांचा सारखा हिस्सा. एकट्या मुलानं करून दिलेलं खरेदीखत त्याच्या हिश्श्यापुरतंच. बहिणींचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहिजे किंवा खरेदीखतावरच त्यांच्या सह्या. ‘ताई येतील हो नंतर’ यावर इसार देऊ नका.

दुसरं, घर गुंठेवारीतलं, म्हणजे परवानगीशिवाय पाडलेल्या छोट्या प्लॉटवरचं आहे का? या शहरात किती घरं शंभर रुपयांच्या बॉण्डवर हातोहात विकली गेलीत, ते आम्ही रोज बघतो. चार जणांकडून फिरलेला बॉण्ड घेऊन माणूस येतो आणि म्हणतो, घर माझंच आहे. बॉण्डनं मालकी येत नाही, नोंदणीच लागते. गुंठेवारीचा कायदा २००१ चा. २०२१ मध्ये मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करायची सोय झाली. तो कागद झालेला असेल तरच पुढं चला.

आणि सातबारा जुना काढा, अगदी निजामाच्या काळापर्यंत मागं जा. मराठवाड्यात मदतमाश (निजामाच्या काळात चरितार्थासाठी दिलेलं इनाम), देवस्थान, वक्फ अशा जमिनी ठिकठिकाणी आहेत. भोगवटादार वर्ग २ (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) दिसला तर तिथंच थांबा आणि वकिलाला दाखवा.

गोदाकाठ
मालकाला दोन मुली आहेत, सह्यांचं आजच विचारतो. गुंठेवारीचा नियमितीकरणाचा कागद मी डोळ्यांनी बघितलाय. पण साहेब, नवी इमारतही त्याच मातीवर आणि त्याच सातबाऱ्यावर उभी राहते ना? इनामाची जमीन बिल्डरला लागली म्हणून ती काही साफ होत नाही.

कर्ज विभाग
एक हिशोब राहिलाच. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत. पण जुन्या घराचं व्हॅल्युएशन सौद्याच्या रकमेपेक्षा कमी आलं, तर बँक कमी आकडाच धरते. ४० लाखांचं घर ३४ ला आलं तर वरचे सहा पूर्ण खिशातून. मुद्रांक शुल्क वेगळं, आणि नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,०००. घर सूनबाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, तो विचार जरूर करा.

गोदाकाठ
हे मात्र माहीत नव्हतं, आभार. आधी व्हॅल्युएशन, मग इसार. बहिणी सहीला तयार नसतील तर हा सौदा सोडून त्याच गल्लीत दुसरं जुनं घर बघू. फ्लॅटला मी अजूनही नाहीच म्हणतोय.

किल्लारीची लेक
मग आणखी एक करा, दादा. जुन्या गल्ल्यांत सिमेंटचे रस्ते थरावर थर चढवत केलेत, घरांचे जोते खाली गेलेत. पहिल्या मोठ्या पावसात पाणी अंगणातून थेट आत येतं. त्या घराचा उंबरा रस्त्यापेक्षा किती वर आहे, ते मोजून इथं सांगा.